चढत्या स्वराचा उतरता जबडा

दोन स्वर एकाच अक्षरात, म्हणजे उच्चाराच्या एकाच झटक्यात, नांदू लागले की त्या जोडीला संध्यक्षर किंवा संयुक्त स्वर म्हणतात. ‘कैरी’तला ऐ आणि ‘चौक’मधला औ ही रोजच्या वापरातली उदाहरणे. अशा जोडीत दोघांचा दर्जा सारखा कधीच नसतो. एक स्वर ठसठशीत, अक्षराचा सगळा भार उचलणारा. दुसरा निसटता, आला कधी आणि गेला कधी याचा पत्ता लागू न देणारा. ठसठशीत स्वर आधी आणि निसटता नंतर असला तर संध्यक्षर ‘उतरते’. निसटता आधी आणि ठसठशीत नंतर असला तर ‘चढते’. भारदस्त पुस्तकांत यांनाच अवरोही आणि आरोही म्हणतात. व्याख्या इथे संपते आणि गोंधळ इथून सुरू होतो.

गोंधळाचे मूळ असे की काय चढते आणि काय उतरते हे नावात कुठेच सांगितलेले नाही. चढउतार होतो तो ठसठशीतपणाचा. जिभेचा नाही, जबड्याचा नाही, आणि सुराचा तर मुळीच नाही. ‘आइ’ एका दमात म्हणून पाहावे. आ म्हणताना जबडा खाली असतो, जीभ तळाशी पडलेली असते. इ कडे जाताना जीभ वर चढते आणि जबडा मिटतो. तोंडात सगळे चढते आहे, आणि नाव मात्र ‘उतरते’. उलट ‘इआ’ एका दमात म्हटले, म्हणजे जवळजवळ ‘या’ म्हटले, की जीभ घसरून तळाला जाते आणि जबडा खाली येतो. याचे नाव ‘चढते’. ज्याने पेटीवर आरोह-अवरोह घोटले आहेत त्याला ही परिभाषा पहिल्याच दिवशी भाषाशास्त्रापासून तोडू शकते.

यावर उपाय म्हणून काही अभ्यासकांनी तोंडाकडे पाहून दुसरी जोडी काढली: उघडणारी संध्यक्षरे आणि मिटणारी संध्यक्षरे. त्यामुळे ‘आइ’ हे उतरते असून मिटणारे ठरले, आणि ‘इआ’ हे चढते असून उघडणारे. ध्वनी दोन, नावे चार. परीक्षार्थी त्यातली कुठलीही दोन जुळवतो आणि अर्धे गुण घेऊन बाहेर पडतो. स्पॅनिश व्याकरणाने चढ-उतार सोडून ‘वाढते’ आणि ‘घटते’ असे शब्द घेतले. ते त्यातल्या त्यात प्रामाणिक आहेत, कारण वाढतो तो भार हे निदान मनात येऊ शकते. सुरांच्या भाषांत तर आणखी मजा. चिनी भाषेत ‘खाली’ या अर्थाचा शब्द साधारण ‘श्या’ असा आहे. त्यातले संध्यक्षर चढते, त्याचा सूर उतरता, आणि अर्थ खाली. तीन साक्षीदार आणि त्यातल्या एकाची जबानी निराळी.

मराठी शाळेत हा प्रश्न फारसा डोके वर काढत नाही, कारण मराठी व्याकरणाने तो संस्कृत व्याकरणाच्या हवाली केलेला आहे. ए, ऐ, ओ, औ हे चार संयुक्त स्वर. यातले ए आणि ओ आज सरळ एकेकटे स्वर आहेत; सेवानिवृत्त होऊनही हजेरीपटावर नाव राहिलेल्या कारकुनासारखे ते या यादीत बसून आहेत. ऐ आणि औ दोन्ही उतरती. चढत्यांना यादीत जागाच नाही. त्यांची सोय य आणि व या अर्धस्वरांकडे, म्हणजे व्यंजनांच्या वसतीत केलेली आहे. इति आणि आदि एकत्र आले की इत्यादी होते, सु आणि आगत एकत्र आले की स्वागत होते. इथे निसटता इ आणि निसटता उ पुढच्या स्वराला चिकटून नेमके तेच घडते, ज्याला इतरत्र चढते संध्यक्षर म्हणतात. पण संधी शिकवणाऱ्या कोणत्याही गुरुजींनी ‘स्वागत’मध्ये संध्यक्षर आहे असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

नैसर्गिक भाषांना इतका गुंता परवडतो. त्या कुणी ठरवून केलेल्या नसतात, त्यामुळे जाब कुणालाच विचारता येत नाही. घडवलेल्या भाषेची गोष्ट वेगळी असायला हवी. एक माणूस टेबलाशी बसतो, कागद कोरा असतो, पाहिजेत ते स्वर घेतो, नकोत ते टाकतो. त्याच्या भाषेत तरी संध्यक्षरांची नावे सरळ असावीत अशी अपेक्षा ठेवणे स्वाभाविक आहे. इतिहास काही वेगळेच सांगतो.

पहिला शहाणा मार्ग योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने काढला. त्याने 1880च्या सुमारास मांडलेल्या वोलाप्यूकमध्ये संध्यक्षरेच नाहीत. दोन स्वर शेजारी आले तरी प्रत्येक आपापला उच्चारायचा, कुणी कुणाच्या घरात शिरायचे नाही. चढते नाही, उतरते नाही, परिभाषा नाही, वाद नाही. पुढे या भाषेच्या चळवळीत भांडणे झालीच आणि 1889च्या पॅरिस परिषदेनंतर ती विस्कटली. पण निदान संध्यक्षरांवरून कोणाचे वाकडे झाले नाही, एवढे श्रेय श्लायरला द्यावे लागते.

लुडविक झामेनहॉफ इतका सावध नव्हता. त्याचे पहिले पुस्तक 1887 साली वॉर्साला निघाले आणि एस्पेरांतो जन्मली. तिच्या लिपीत दोन अक्षरे महत्त्वाची. एक ‘जे’, ज्याचा उच्चार य. दुसरे यूच्या डोक्यावर अर्धचंद्र असलेले, ज्याचा उच्चार निसटता उ. अनेकवचन करायचे तर शब्दाच्या शेवटी हा य लावायचा: लिब्रो म्हणजे पुस्तक, लिब्रोय म्हणजे पुस्तके. विशेषणालाही तोच नियम, त्यामुळे सुंदर पुस्तके म्हणायची तर ‘बेलाय लिब्रोय’. एस्पेरांतो बोलणारा माणूस दिवसभर उतरती संध्यक्षरे उतरत असतो.

अर्धचंद्राचे काम जास्त नाजूक. या भाषेत आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो, म्हणून उ हा स्वतंत्र स्वर आहे की नुसता शेपटीला लागलेला निसटता, हे ठरल्याशिवाय शब्द उच्चारताच येत नाही. ‘फ्रौलो’ म्हणजे अविवाहित पुरुष. दोन अक्षरे, आघात पहिल्यावर. ‘प्राऊलो’ म्हणजे आदिपुरुष, पूर्वज. तीन अक्षरे, आघात मधल्या ऊवर. तसेच ‘बाल्दौ’ म्हणजे लवकरच आणि ‘बालाऊ’ म्हणजे झाडून काढ. रोमन लिपीत या शब्दांतला फरक सांभाळायला एकटा अर्धचंद्र उभा आहे. आणि त्याच झामेनहॉफने अशी मुभा देऊन ठेवली की छापखान्यात खिळे नसतील तर ती खूण गाळली तरी चालेल. थोडक्यात, अर्धचंद्रालाच अर्धचंद्र द्यावा. मग अविवाहित पुरुष आणि आदिपुरुष कागदावर एकाच घरातले दिसू लागतात, आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून निवाडा करायचा.

मराठी माणसाला ही पंचाईत होत नाही, कारण देवनागरी हे काम फुकटात करते. नऊ, मऊ, गाऊ यांत ऊ वेगळा बसतो. नौका, मौज, गौळण यांत तो अ ला चिकटलेला असतो. गंमत म्हणजे एस्पेरांतोत नऊ या आकड्याला जो शब्द आहे तो जवळजवळ ‘नौ’ असाच आहे, एका अक्षराचा. हिंदीभाषकाला तो आयता येतो. मराठीभाषक मात्र सवयीने त्याची दोन अक्षरे करतो, आणि त्याच्या तोंडून उतरते संध्यक्षर उतरण्याआधीच जिन्यात थांबते.

आता परिभाषा. या जोड्यांना संध्यक्षर म्हणावे की नाही यावर एस्पेरांतो जाणकारांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, एका अक्षरात दोन स्वरगुण ऐकू येतात, मग संध्यक्षर नाही तर काय? दुसरा म्हणतो, ज्या अक्षराने ‘येस’ म्हणजे ‘होय’ हा शब्द सुरू होतो, त्याच अक्षराने ‘काय’ म्हणजे ‘आणि’ हा शब्द संपतो. सुरुवातीला तुम्ही त्याला व्यंजन म्हणता, मग शेवटी पोचेपर्यंत तो अर्धा स्वर कसा झाला? ‘काय’मध्ये उतरते संध्यक्षर असेल तर ‘येस’मध्ये चढते असले पाहिजे. पण असे म्हणायला पहिला पक्षही धजत नाही. परिणामी एस्पेरांतोच्या पाठ्यपुस्तकांत उतरत्या संध्यक्षरांची यादी असते आणि चढत्यांच्या जागी शांतता. अर्धचंद्रवाला उ तर शब्दाच्या सुरुवातीला सहसा येतच नाही. येतो तो ‘वा’ अशा बाळाच्या रडण्यात, आणि त्याच्या स्वतःच्या नावात: त्या अक्षराला ‘वो’ म्हणतात. भाषेतला हा निसटता उ चढतो तो बाळ रडले म्हणजे, किंवा अक्षरमाला म्हणून दाखवायची वेळ आली म्हणजे.

1905 साली बुलोन्यच्या पहिल्या जागतिक परिषदेत भाषेचा पाया म्हणून जे पुस्तक ठरले त्याला हात लावायचा नाही असे सर्वांनी मान्य केले. अक्षरे बदलता येत नाहीत, व्याकरणाचे नियम बदलता येत नाहीत. बदलता येते ते फक्त त्यांना काय म्हणायचे हे. त्यामुळे विद्वानांचा सगळा उत्साह परिभाषेकडे वळला यात नवल नाही.

दोन वर्षांनी, 1907 साली, सुधारणावाद्यांनी एस्पेरांतो सुधारून इदो ही भाषा काढली. तिने अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणांच्या टोप्या उतरवल्या आणि चढत्या संध्यक्षरांना मागच्या दाराने आत घेतले. इदोचा नियम असा की इ किंवा उ नंतर दुसरा स्वर आला तर आघात मोजताना त्या दोघांचे एकच अक्षर धरायचे. म्हणून एस्पेरांतोत जो शब्द ‘रा-दी-ओ’ आहे, आघात मधल्या ‘दी’वर, तोच इदोत ‘रा-दिओ’ आहे, आघात ‘रा’वर. नभोवाणी एकच, पण दोन भाषांचे लोक ती वेगवेगळ्या ठिकाणी जोरात लावतात. आता ‘दिओ’ म्हणजे दिवस आणि ‘फ्रुआ’ म्हणजे लवकरचा, अशा शब्दांत ते दोनच स्वर असतात. त्यांचे एक अक्षर केले तर शेवटून दुसरे अक्षर आणायचे कुठून? म्हणून इदोने अपवाद केला: दोनच स्वर असतील तर ते वेगळे धरावेत. ज्यांना अपवाद नसलेली भाषा करायची होती त्यांना दिवस उजाडताच अपवाद करावा लागला.

हे सगळे जुने युरोपीय घराणे. खरी मेजवानी आहे ती तर्कभाषेत. जेम्स कुक ब्राउन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1955 साली लॉग्लान रचायला घेतली, आणि 1960 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तिच्यावर लेख लिहिला. भाषा बदलली तर माणसाचा विचार बदलतो का, हे तपासण्यासाठी एक स्वच्छ, तर्कशुद्ध भाषा हवी असा त्यामागचा हेतू. पुढे मालकी हक्कावरून तंटा झाला आणि 1987 साली निघालेल्या वेगळ्या गटाने लोज्बान ही भाषा उभी केली. नावावरचा वाद अमेरिकेच्या न्यायालयापर्यंत गेला. तर्कशुद्ध भाषेच्या वाट्याला आलेला हा पहिला तर्कशुद्ध युक्तिवाद, आणि तो इंग्रजीत झाला.

लोज्बानचे प्रमाण व्याकरण जॉन काउन यांनी लिहिले, ते 1997 साली छापले गेले. त्यात संध्यक्षरे मोजून 16 दिलेली आहेत. त्यातली चार उतरती: आइ, एइ, ओइ, आउ. ही कष्टकरी मंडळी. नमस्कार करायचा तर ‘शोय’, हाक मारायची तर ‘दोय’, मागच्या शब्दाला नकार जोडायचा तर ‘नाय’. या शेवटच्या शब्दासाठी कोकणातल्या माणसाला लोज्बान शिकण्याची गरज पडत नाही.

उरलेली बारा चढती, आणि ती पूर्ण वेगळ्या जातीची. इ किंवा उ आधी निसटता येतो आणि मग दुसरा स्वर ठसठशीत. रोमन लिपीत ती विचित्र दिसतात, म्हणून शिकणाऱ्यांची त्रेधा उडते. देवनागरीत उतरवून काढली तर यादी अशी होते: या, यी, यू, ये, यो, वा, वी, वू, वे, वो. राहिली दोन, ज्यांत दुसरा स्वर लोज्बानमधला अस्पष्ट अ आहे. ती य आणि व. म्हणजे तर्कभाषेचा जो भाग अमेरिकेतल्या संगणक अभ्यासकांना घाम फोडतो, तो मराठी पहिलीतले मूल य आणि व च्या बाराखडीत ताल धरून म्हणते. फक्त त्याच्या गुरुजींच्या मते ही व्यंजने आहेत. मराठी गुरुजींचे ऐकले तर लोज्बानमधली संध्यक्षरे 16 वरून चारवर येतात. काउन यांचे ऐकले तर मराठीत एकाएकी डझनभर संध्यक्षरे निघतात. ध्वनी तेच, तोंड तेच. आकडा कुठला धरायचा हे पुस्तक कुणाचे आहे यावर अवलंबून.

या बारांपैकी पहिल्या दहांना लोज्बानने एक खास काम नेमून दिले आहे: भावना. ती एकटी, आधी किंचित थांबून, उद्गारासारखी येतात. ‘वी’ म्हणजे आनंद, ‘वू’ म्हणजे कीव, ‘यी’ म्हणजे भीती, ‘या’ म्हणजे विश्वास, ‘ये’ म्हणजे सहमती, ‘यो’ म्हणजे आदर, ‘यू’ म्हणजे प्रेम, ‘वे’ म्हणजे आश्चर्य, ‘वो’ म्हणजे काम पुरे झाल्याचे समाधान, आणि ‘वा’ म्हणजे काहीतरी उमगणे. शेवटचा शब्द गाण्याच्या बैठकीतल्या मराठी श्रोत्याला लगेच पटेल, जरी त्याला तिथे दरवेळी काही उमगलेले असतेच असे नाही. दहाही चढती संध्यक्षरे मनाला देऊन टाकल्यावर सामान्य शब्दांत त्यांना जागाच राहिली नाही; ती बाहेर दिसतात ती विशेषनामांत आणि उसन्या शब्दांत. अस्पष्ट अ वाली दोन तर फक्त विशेषनामांत. उतरती चार शब्दांच्या आत कष्ट करतातच, शिवाय भावनांच्या खात्यातही हजेरी लावतात: ‘आय’ म्हणजे निश्चय, ‘औ’ म्हणजे इच्छा, ‘एय’ म्हणजे कर्तव्याची जाणीव, आणि ‘ओय’ म्हणजे तक्रार. चढत्यांना आनंद, प्रेम आणि आश्चर्य. उतरत्यांना कर्तव्य आणि तक्रार. वाटणी कोणी मुद्दाम केलेली नसावी.

सर्वांत मोठी मेख अपॉस्ट्रॉफीत आहे. दोन स्वर एकमेकांत मिसळू द्यायचे नसतील तर लोज्बानमध्ये मध्ये ही खूण घालतात, आणि तिचा उच्चार ह सारखा होतो. संध्यक्षर मोडते, दोन अक्षरे होतात, आणि भावनाही बदलते. ‘वी’ म्हणजे आनंद, पण ‘उही’ म्हणजे गंमत वाटणे. ‘वू’ म्हणजे दुसऱ्याची कीव, ‘उहू’ म्हणजे स्वतःचा पश्चात्ताप. ‘यी’ म्हणजे भीती, आणि मध्ये श्वास सोडून ‘इही’ म्हटले की आपण सगळे एकत्र आहोत ही भावना. ‘यू’ म्हणजे प्रेम. ‘इहू’ म्हणजे नुसती ओळखदेख. जो लोज्बानभाषक घाईत दम न घेता बोलतो, त्याची साधी ओळख प्रेमात रूपांतरित होते. घाबरलेल्याने वेळीच एक ह टाकला तर त्याला लगेच सोबत मिळते. आणि दुःखाला वेगळा उद्गारच नाही. आनंदाला नकार जोडायचा: ‘वीनाय’. परिभाषेप्रमाणे मांडले तर एक चढते आणि मागोमाग एक उतरते संध्यक्षर. तर्कशास्त्रज्ञांनी दुःखाची इतकी नेमकी ध्वनिव्याख्या केली आणि तिच्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

काउन यांच्या व्याकरणाने परिभाषेच्या बाबतीत मात्र एक शहाणपणा दाखवला. संध्यक्षराची व्याख्या करताना तिथे चढ-उताराचा आधार घेतलेला नाही. संध्यक्षर म्हणजे एक मुख्य स्वर आणि एक घसर. घसर आधी येते किंवा नंतर येते. बस्स. काय चढले, काय उतरले याची चौकशी नाही. ‘इआ’त घसर आधी, ‘आइ’त घसर नंतर. या नावांत फसण्यासारखे काहीच नाही, आणि बहुधा म्हणूनच ती लोकप्रिय नाहीत.

‘यू’ची जोडी मुद्दाम वेगळी पाहण्यासारखी आहे. इ आणि उ दोन्ही मिटलेल्या तोंडाचे, दोन्ही उंच जिभेचे. मग यात भार कुणाचा? उघडणारी-मिटणारी हे वर्गीकरण इथे हात टेकते, कारण तोंड उघडतही नाही आणि मिटतही नाही. स्पॅनिश व्याकरणाने अशा जोडीला सरळ ‘समान स्वरांची’ म्हणून वेगळे टोपण दिले. लोज्बानने नियम केला की भार दुसऱ्यावर, मग विषय प्रेमाचा असला तरी.

याच जोडीवर एका ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने एका कल्पित युगाचा इतिहास रचला. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीत्रयीचा शेवटचा खंड 1955 साली आला. त्याच्या परिशिष्टात एल्फ लोकांच्या भाषांचे उच्चार दिलेले आहेत. त्यांपैकी क्वेन्या या भाषेत सहा संध्यक्षरे: उइ, ओइ, आइ, इउ, एउ, आउ. टॉल्किन सांगतात की मुळात ही सगळी उतरती होती, म्हणजे भार पहिल्या स्वरावर. पण तिसऱ्या युगात इउचा उच्चार बहुतेक जण चढता, ‘यू’ असा करू लागले होते. जी भाषा कोणी बोलली नाही, तिच्यातला एक स्वर जे युग झाले नाही त्या युगात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलला, आणि त्याची नोंद अचूक परिभाषेत झाली. उतरते आणि चढते हे शब्द इतक्या काटेकोरपणे वापरणारी पुस्तके खऱ्या भाषांच्याही वाट्याला कमीच येतात. खलनायकाच्या नावातला आउसुद्धा उतरता: ‘सॉरॉन’ नव्हे, ‘साउरॉन’. चित्रपटांनी हा उच्चार बरोबर राखला. इंग्रजी वाचकांनी तो कित्येक वर्षे पुस्तकात चुकीचा वाचला.

पडद्यावरच्या भाषांनी परिभाषेतून पळ काढला. मार्क ओक्रांड यांचा क्लिंगॉन या काल्पनिक योद्ध्यांच्या भाषेचा शब्दकोश 1985 साली आला. त्यात य आणि व ही साधी व्यंजने आहेत आणि ‘आय’, ‘आव’, ‘एय’ हे स्वर अधिक व्यंजन. ‘ओव’ आणि ‘उव’ या जोड्या मात्र भाषेत नाहीत, कारण त्या नुसत्या ओ आणि उ पासून ओळखूच येणार नाहीत. योद्ध्यांच्या भाषेला शोभेल असा हा निकाल: ओळखू येत नसेल तर हाकलून द्या. ‘अवतार’ चित्रपटासाठी, 2009 साली, पॉल फ्रॉमर यांनी केलेल्या नावी भाषेत चार संध्यक्षरे आहेत, चारही उतरती, आणि ती अर्धस्वरांच्या अक्षरांनी लिहिली जातात. चढती नाहीत, त्यामुळे ‘उतरती’ म्हणायचीही गरज पडत नाही. एकच बाजू असली की नाव लागत नाही.

सोन्या लँग यांनी 2001 साली काढलेल्या टोकी पोना या भाषेने श्लायरचाच कित्ता गिरवला: पाच स्वर, संध्यक्षरे शून्य. वर आणखी खबरदारी म्हणून ‘यी’, ‘वू’ आणि ‘वो’ ही अक्षरेच बाद. लोज्बानमधली भीती, कीव आणि काम पुरे झाल्याचे समाधान या तिन्ही गोष्टी टोकी पोनात उच्चारताच येत नाहीत. थोडक्या शब्दांत सुखाने जगण्याची भाषा म्हणून ती प्रसिद्ध आहे, ते कदाचित याचमुळे.

ध्वनिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय लिपीने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलेला आहे: जो स्वर निसटता, त्याच्या खाली एक उलट्या वाटीसारखी खूण काढायची. खूण दुसऱ्या स्वराखाली असली तर उतरते, पहिल्याखाली असली तर चढते. खुणेला ना जबड्याची आठवण होते ना पेटीची. तरी पुस्तकांत खूण छापून खाली पुन्हा ‘चढते’ असे लिहिलेले आढळते आणि वाचणारा पुन्हा गोंधळतो.

नवी भाषा रचायला घेतलेल्यांची संख्या काही कमी होत नाही. त्यांच्यासाठी एवढेच: नाव चढते ठेवा, वाढते ठेवा, नाहीतर आधी घसर म्हणा, पण प्रत्येक जोडीशेजारी एक खरा शब्द उदाहरण म्हणून छापा. आणि व्याकरण मराठीत लिहिणार असाल तर उतरत्यांसाठी ‘कैरी’ आणि ‘चौक’ द्या, चढत्यांसाठी य आणि व ची बाराखडी द्या. फक्त ती बाराखडी कुठल्या प्रकरणात घालायची, स्वरांच्या की व्यंजनांच्या, हे आधीच ठरवून घ्या. मुद्रितशोधक तेच विचारणार आहे.